मापाची काठी

नोकरीच्या पहिल्या उन्हाळ्यात साहेबांनी माझ्या हाती तीन वस्तू दिल्या : एक मेजरमेंट बुक, एक पोलादी टेप आणि बांबूची एक काठी. काठीवर खालच्या टोकापासून बरोबर १६५ सेंटीमीटरवर तांबड्या रंगाचा पट्टा ओढलेला होता. चराच्या तळाला काठी टेकवायची, पट्टा जमिनीच्या पातळीला आला की खोली पास. एवढे सोपे काम मिळाल्याचा मला आनंदच झाला. पहिल्या दिवशी सकाळी अकरापर्यंत मी दोनशे मीटर चर पास करून टाकला.

मुकादम बांधावर बसून तंबाखू मळत होते. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. ते ठेकेदाराचे माणूस. मी चुकलो तर फायदा त्यांच्याच मालकाचा. तरी त्यांना राहवले नाही. म्हणाले, "साहेब, पट्टा कशाला लावताय? जमिनीला का ढिगाला?"

मी खाली पाहिले. चरातून निघालेली माती मजुरांनी दोन्ही काठांवर टाकली होती आणि मी त्या ढिगाच्या माथ्यावरून मोजत होतो. मामांनी पायाने माती सारली. खरी जमीन दीड वीत खाली निघाली. १६५ चे १३० झाले. "उद्या केबल तुटली की बॅटरी घेऊन रात्री आपल्यालाच यायचंय," ते म्हणाले आणि पुन्हा तंबाखूकडे वळले.

उघडा होता तेवढा चर मी पुन्हा खोल करून घेतला. सुरुवातीचा चाळीसेक मीटरचा तुकडा मात्र तोवर पाइप टाकून बुजवला होता. बुजलेला चर कोण उकरणार? वहीत मी त्याही तुकड्यापुढे १६५ लिहिले आणि सही केली. त्या सहीकडे मी पुढे परत येणार आहे.

उघड्यावर, म्हणजे रस्त्याकडेने, शेतांमधून, घाटातून, नदीनाले ओलांडून ऑप्टिकल फायबर केबल कशी टाकावी, हा या पुस्तकाचा विषय. इमारतीच्या आतले वायरिंग यात नाही आणि एक्स्चेंजमधली यंत्रेही नाहीत. पुस्तक लिहिताना डोळ्यांसमोर होते ते डिप्लोमा करून नुकतेच साईटवर आलेले सुपरवायझर, लहान ठेकेदार आणि ज्यांच्या हद्दीतून चर जातो ते नगरपालिका-ग्रामपंचायतींचे अभियंते. टेंडरची कागदपत्रे आणि मानके इंग्रजीत येतात. काम मात्र मराठी, हिंदी, तेलुगू, कन्नड अशा मिसळीत चालते. कागदावरचे वाक्य चरापर्यंत पोहोचताना वाटेत बरेच सांडते. ते कमी सांडावे म्हणून हे पुस्तक मराठीत, आणि शब्द शक्यतो साईटवरचेच ठेवले आहेत. '४८ कोरची केबल' म्हणजे तिच्यात ४८ तंतू. शास्त्रात 'कोर' हा एका तंतूचा गाभा असतो. पण साईटवर तसे बोलणाऱ्याचे कोणाला कळत नाही, म्हणून मीही तसे बोललो नाही.

आधी काचेबद्दल थोडे, कारण ते थोडक्यात आटोपण्यासारखे आहे. केबलमधला प्रत्येक तंतू शुद्ध काचेचा असतो. त्याचा व्यास १२५ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या आगेमागे. प्रकाश वाहतो तो गाभा त्याहून कितीतरी बारीक, जेमतेम ९ मायक्रॉनचा. गाभ्याभोवतीच्या काचेचा अपवर्तनांक किंचित कमी ठेवलेला असतो, त्यामुळे आत शिरलेला प्रकाश कडेला आपटून पुन्हा आतच वळतो. हे तत्त्व जुनेच. पंजाबातल्या मोग्यात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानींनी लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवण्याचा प्रयोग १९५४ साली प्रसिद्ध केला. 'फायबर ऑप्टिक्स' हे नावही कपानींचेच. पण तेव्हाच्या काचेतून प्रकाश काही मीटर जाऊन विझायचा. १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दोष काचेतल्या अशुद्धीचा असल्याचे दाखवले आणि एक लक्ष्य मांडले : किलोमीटरला २० डेसिबलपेक्षा कमी घट. म्हणजे किलोमीटरभर गेल्यावर शंभरातला एक भाग प्रकाश उरला तरी चालेल. १९७० मध्ये अमेरिकेच्या कॉर्निंग कंपनीतल्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ या तिघांनी १७ डेसिबलचा तंतू ओढून दाखवला. आज १५५० नॅनोमीटरच्या तरंगलांबीवर साध्या तंतूची घट किलोमीटरला ०.२ डेसिबलच्या आसपास आहे. काओंनी एका किलोमीटरसाठी जेवढी घट मांडली, तेवढ्यात आता शंभर किलोमीटर होतात. २००९ चे नोबेल त्यांना मिळाले ते यासाठी.

या गोष्टीत महाराष्ट्राची एक जागा आहे. देशातली पहिली ऑप्टिकल फायबर प्रणाली १९७९ साली पुण्यात, टेलिफोन एक्स्चेंजांना एकमेकांशी जोडणाऱ्या स्थानिक जंक्शन मार्गावर सुरू झाली. कॉर्निंगच्या तंतूनंतर अवघ्या नऊ वर्षांत काच पुण्याच्या मातीत होती.

काचेचा प्रश्न असा पन्नास वर्षांपूर्वीच सुटला. मातीचा मात्र प्रत्येक साईटवर नव्याने सोडवावा लागतो, आणि या पुस्तकाची निम्मी पाने त्यावर खर्ची पडली आहेत.

दूरसंचारातल्या रूढ पद्धतीप्रमाणे साध्या जमिनीत चर १६५ सेंटीमीटर खोल, वर ४५ आणि तळाला ३० सेंटीमीटर रुंद असतो. आकडा सगळीकडे एकच. जमीन मात्र दर पाच मैलांवर बदलते. सोलापूर-परभणीकडची काळी कापसाची माती घ्या. फावडे लोण्यासारखे जाते, दिवसाचे मीटर भराभर वाढतात, ठेकेदार खूश. पण ही माती जिवंत असते. पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या ताणाताणीत दोन पाइपांना जोडणारा कपलर सैल बसवला असेल तर हळूहळू सुटतो. मग त्या फटीतून गाळ आत शिरतो आणि दुसऱ्या वर्षी केबल सारायला गेलात की ती तिथे जाऊन अडते. काळ्या रानात चर बुजवताना थराथराने धुम्मस केले नाही, तर पहिल्या पावसात रस्त्याकडेला चराच्या लांबीची नाली तयार होते आणि शेतकरी तिच्यातून पाणी काढून देतो.

मुरूम हा आमचा खरा मित्र. तो खणायला थोडा कष्टाचा, पण भिंती उभ्या राहतात आणि भराव बसतो. कोकणात आणि गोव्यात जांभा : ओला असताना बऱ्यापैकी कापला जातो, उघडा पडून वाळला की कठीण होतो. त्यामुळे आज अर्धवट सोडलेला चर महिन्याने तसाच मिळेल असे समजू नये. आणि मग काळा पाषाण, आमचा बसाल्ट. पठारावर हातभर माती निघाली की खाली तो बसलेलाच असतो. इथे ब्रेकर लागतो, दिवसाला मीटर बोटांवर मोजण्याइतके पडतात आणि भांडण सुरू होते. दरसूचीत माती, मुरूम, मऊ खडक, कठीण खडक असे वेगवेगळे दर असतात. एकाच चराला ठेकेदार खडक म्हणतो, सुपरवायझर मुरूम म्हणतो. हे भांडण दगड समोर असतानाच मिटवायला हवे. भराव पडल्यावर दोघांच्या शब्दाला सारखीच किंमत उरते, म्हणजे शून्य. खडकात पूर्ण खोली मिळत नाही हे मान्यच आहे. तिथे पाइपावर लोखंडी किंवा काँक्रीटचे कवच द्यायचे असते. कवचाचे पैसे लावायचे आणि कवच टाकायचे नाही, ही या धंद्यातली जुनी चोरी. तिला पकडण्याचे उपाय एका स्वतंत्र प्रकरणात दिले आहेत.

पाइपाखालच्या गादीला सुपरवायझर सर्वांत कमी वेळ देतात, असा माझा अनुभव आहे. ४० मिलिमीटर व्यासाचा, आतून कायमचा गुळगुळीत केलेला पॉलिथिनचा पाइप चराच्या तळाशी चाळलेल्या मातीवर बसला पाहिजे. खाली एखादा टोकदार दगड राहिला तर वरचा भराव पाइपाला त्या टोकावर दाबत राहतो. पाइप फुटत नाही, फक्त गोलाचा लंबगोल होतो. वरून काही दिसत नाही. सहा महिन्यांनी कॉम्प्रेसर लावून केबल फुंकायला घेतली की मिनिटाला चाळीसेक मीटरने धावणारी केबल एका जागी गपकन थांबते. मग पुन्हा खोदाई, पुन्हा परवानगी, पुन्हा रस्त्याची भरपाई. मुठीएवढ्या दगडाचा हा खर्च.

केबल टाकण्याचे काम बघायला सुंदर असते. दोन किलोमीटरचा ड्रम जॅकवर चढवतात. पाइपात आधी हवा मारून आणि स्पंजचा गोळा पाठवून रस्ता मोकळा असल्याची खात्री करतात. मग फुंकणीयंत्राचे पट्टे केबलला पुढे सारतात आणि हवेचा झोत तिला पाइपात तरंगती ठेवतो. दोरीने ओढण्यापेक्षा ही पद्धत केबलला मानवते, कारण सगळा ताण टोकावर येत नाही. मधल्या चेंबरवर केबल बाहेर काढून पुढे सारायची असेल तर ती जमिनीवर ताडपत्री अंथरून इंग्रजी आठच्या आकारात रचतात. गोल वेटोळे घातले तर प्रत्येक वेढ्याला एक पीळ बसतो. आठमध्ये एका बाजूचा पीळ दुसऱ्या बाजूला सुटतो. जुन्या मजुरांना याचे गणित कोणी शिकवलेले नसते, पण दहा मीटरही चुकीचे रचलेले त्यांना चालत नाही.

वळणाचा नियम तोंडपाठ हवा : ताणाखाली असताना केबलच्या व्यासाच्या वीसपट, जागी बसल्यावर दहापट. १४ मिलिमीटरच्या केबलला ओढताना २८ सेंटीमीटरहून लहान त्रिज्येचे वळण देऊ नये. केबल हातात जाड आणि दणकट वाटते म्हणून माणूस फसतो. तिचे काळे जाकीट, मधली काडी, पिवळा अ‍ॅरामिडचा दोरा हे सगळे त्या केसाएवढ्या काचेला ओढ बसू नये म्हणून आहे. आतल्या नळ्यांमध्ये जेल भरलेले असते, ते पाण्याला अडवण्यासाठी. काच पाण्यात विरघळत नाही, पण तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात. ओल आणि ताण एकत्र आले की त्या चिरा वर्षानुवर्षे सावकाश वाढतात. म्हणून कापलेल्या टोकाला टोपी न घालता ड्रम रात्रभर पावसात ठेवणारा माणूस आज काही बिघडवत नाही. तो दहा वर्षांनंतरचे बिघडवतो.

जोडकामाचे प्रकरण मी तंबूत बसून लिहिल्यासारखे लिहिले आहे, कारण ते तसेच करायचे असते. धूळ नको, वारा नको, घाई नको. तंतूंचे रंग ठरलेल्या क्रमाने येतात : निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी आणि शेवटी समुद्री निळसर. संध्याकाळच्या पिवळ्या दिव्याखाली करडा आणि पांढरा यांची गल्लत होते, म्हणून पांढरा दिवा बरोबर ठेवा. तंतू सोलायचा, स्पिरिटने पुसायचा, क्लीव्हरने काटकोनात तोडायचा, यंत्रात समोरासमोर धरायचा. विजेची ठिणगी पडते आणि दोन काचा एक होतात. वर पोलादी काडी असलेली बाही चढवून ती गरम करून आवळायची. उडालेले काचेचे तुकडे मोजून बाटलीत टाका. जोडकामाच्या चटईवर जेवणाचा डबा उघडू नका. चालू तंतूच्या टोकात डोकावू नका, कारण त्यातला प्रकाश डोळ्याला दिसत नाही आणि इजा मात्र करतो.

जोडयंत्र पडद्यावर घटीचा अंदाज दाखवते. तो अंदाजच. खरे माप ओटीडीआरचे, म्हणजे तंतूत प्रकाश सोडून परत येणाऱ्या प्रकाशावरून घट आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राचे, आणि तेही दोन्ही टोकांकडून. एकदा एक नवा मुलगा आनंदाने सांगत आला, की अमुक जोडात घट नाहीच, उलट प्रकाश वाढलाय! काचेच्या सांध्यात प्रकाश वाढत नसतो. गाभ्याच्या मापात किंचित फरक असलेले दोन तंतू जोडले, की एका बाजूने पाहताना नफा दिसतो आणि दुसऱ्या बाजूने तेवढाच जास्तीचा तोटा. दोन्हींची सरासरी काढली की खरे कळते. तसेच, १३१० नॅनोमीटरवर ठीक आणि १५५० वर वाईट दिसणारा जोड बहुधा जोड म्हणून चांगलाच असतो. जोड ठेवण्याच्या ट्रेमध्ये तंतू कुठेतरी फार आवळून वळलेला असतो. तो पुन्हा कापून जोडण्याआधी ट्रे उघडून बघावा.

परवानग्यांचे प्रकरण लांब झाले आहे, त्याला माझा इलाज नाही. दुसऱ्याच्या जमिनीतून तार नेण्याचा अधिकार १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यापासून चालत आला. २०१६ मध्ये मार्गाधिकाराचे नियम झाले; नंतर २०२३ चा दूरसंचार कायदा आला आणि त्याखालचे नवे मार्गाधिकार नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. कागदावर वाट सोपी होत गेली आहे. साईटवर मात्र एका दहा किलोमीटरच्या मार्गात सार्वजनिक बांधकाम, राष्ट्रीय महामार्ग, पाटबंधारे, वन, रेल्वे, नगरपालिका आणि चार ग्रामपंचायती भेटू शकतात. रूळ आणि मोठे रस्ते उघडे खणता येत नाहीत, खालून आडवे ड्रिल करावे लागते. पावसाळ्याच्या तोंडावर शहरात खोदाई बंद होते. आणि ज्या शेतकऱ्याच्या बांधाला चर लागतो, त्याच्या ठिबकची नळी फोडून न सांगता पुढे गेलात, तर सगळे सहीशिक्के असूनही काम थांबते. चर सुरू करण्याआधी चहाला थांबावे, हे कुठल्याच नियमात नाही. या पुस्तकात आहे.

जमिनीखाली गेलेल्या केबलचे शत्रू ठरलेले आहेत. घुशी कुरतडतात, म्हणून पोलादी पट्टीचे कवच असलेली केबल वापरतात. चोर तांबे समजून कापतात आणि काच बघून टाकून देतात. त्यांना काही मिळत नाही, तालुक्याची लाइन मात्र जाते. पण सगळ्यांचा बाप जेसीबी. एक जण पाण्याची लाइन टाकतो, दुसरा गटार, तिसरा वीज, आणि कोणी कोणाला विचारत नाही. अशा विनासमन्वय खोदाईने देशाचे दरवर्षी सुमारे ३००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असा सरकारचा अंदाज २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' हे अ‍ॅप सुरू करताना सांगितला गेला. खोदणाऱ्याने आधी त्यावर नोंद करायची, ज्यांची मालमत्ता खाली आहे त्यांना निरोप जातो. कल्पना उत्तम. पण मालमत्ता नेमकी कुठे आहे हे मालकालाच ठाऊक नसेल, तर निरोप मिळून तो काय सांगणार?

इथे मी त्या सहीकडे येतो.

पाच-सहा वर्षांनी त्याच मार्गाची देखभाल माझ्याकडे आली. एका जुलैत रात्री लाइन गेली. ओटीडीआरने कट ७,४१२ मीटरवर दाखवला. आम्ही गाडीच्या मीटरने तेवढे अंतर गेलो, खणले, केबल सुखरूप. मागे खणले, पुढे खणले. ओटीडीआर मोजतो ती तंतूची लांबी. तंतू नळीत मळसूत्री फिरतो, म्हणून तो केबलपेक्षा थोडा लांब. आणि केबल प्रत्येक चेंबरात दहा-वीस मीटरचे वेटोळे घालून ठेवलेली, म्हणून ती रस्त्यापेक्षा लांब. वेटोळी किती मीटरची, हे नोंदवहीत नव्हते. केबलच्या जाकिटावर दर मीटरला छापलेला आकडा असतो. प्रत्येक चेंबरातला तो आकडा लिहून ठेवला असता तर साध्या वजाबाकीने जागा सापडली असती. नोंदवहीत होते ते असे : 'आंब्याच्या झाडापासून ४ मीटर, चहाच्या टपरीसमोर.' मधल्या काळात रस्ता रुंद झाला होता. झाड तोडले गेले होते, टपरी उठली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांना घरून बोलावून आणले. ते तोवर थकले होते. त्यांनी रस्त्याकडे पाहिलेच नाही. पलीकडची जुनी दगडी मोरी शोधली, तिथून पावले टाकली आणि एका उसाच्या कडेला थांबले. शेतकऱ्याने पाइपलाइन पलीकडे नेण्यासाठी आदल्या रात्री तिथे जेसीबीने चर मारला होता आणि पावसाआधी घाईने बुजवलाही होता. उकरल्यावर आमचा पाइप सापडला, तुटलेला. काठी लावली. खऱ्या जमिनीपासून ८५ सेंटीमीटर.

तो माझा चाळीस मीटरचा तुकडा होता. वहीत १६५ लिहिलेले होते आणि खाली माझी सही.

मामा काही बोलले नाहीत. त्यात योगायोग नव्हता हे दोघांनाही कळत होते. मार्ग जिथे उथळ असतो तिथेच तुटतो. त्या शेतकऱ्याचा दोष मी काढू शकलो नाही. १६५ वर पाइप असता, तर जेसीबीचे दात वरून निघून गेले असते.

घराच्या बांधकामातली चूक भिंतीवर भेग होऊन दिसते, पुलाची चूक पुलावर. आमचे काम सकाळी उघडे असते आणि संध्याकाळी मातीआड जाते. चांगले आणि वाईट दोन्ही वरून सारखेच दिसते. त्यानंतर केबलच्या बाजूने बोलणारी एकच गोष्ट उरते : त्या दिवशी खरे माप घेतले का आणि खरे लिहिले का. हे पुस्तक पाइप, केबल, यंत्रे, परवानग्या असे पुष्कळ काही सांगते. ते सगळे त्या एका गोष्टीभोवती फिरते. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी 'बुजवण्याआधी' असा एक तक्ता दिला आहे. काय बघायचे, काय मोजायचे, काय लिहायचे, तेवढेच. आणि खुणा कशापासून घ्यायच्या, तेही : मोरी, पूल, किलोमीटरचा दगड, सर्व्हेचा दगड. झाड आणि टपरी यांच्यावर विश्वास ठेवू नये.

हा आग्रह आज जास्त का, तेही सांगतो. २०११ मध्ये केंद्राने देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. जिथे जुनी केबल होती तिथे ती वापरायची आणि उरलेले अंतर नव्या केबलने जोडायचे, असा तिचा आराखडा. म्हणजे गावाचा नवा तुकडा कितीही नीट टाकला, तरी त्याचे नशीब कोणीतरी वीस वर्षांपूर्वी कसाबसा बुजवलेल्या तुकड्याशी बांधलेले. शिवाय मार्ग बहुतेक सरळ रेषेचे : एका जागी तुटले की पुढची सगळी गावे अंधारात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत, १ लाख ३९ हजार कोटींहून अधिक खर्चाच्या, आता वर्तुळाकार मार्गांवर भर आहे, म्हणजे एका बाजूने तुटले तरी दुसऱ्या बाजूने वाट राहील. चांगलेच आहे. पण वर्तुळाच्या दोन्ही बाजू सारख्याच उथळ असतील, तर त्याला वर्तुळ म्हणण्यापलीकडे काही साधत नाही. गावात लाइन जाते तेव्हा आता टेलिफोन मुका होऊन भागत नाही. रेशनच्या यंत्रावर अंगठा उठत नाही, सातबारा निघत नाही, बँकमित्राकडे रांग लागून परतते.

आणखी एक प्रकरण मी मुद्दाम पुढे घेतले आहे, तांत्रिक पुस्तकांत ते शेवटी टाकतात : चरात उतरणाऱ्या माणसांचे. महाराष्ट्रात मातीकाम आणि दगडकाम पिढ्यान्‌पिढ्या वडार समाजाने केले. तेलंगणातल्या महबूबनगर भागातले पालमूर मजूरही धरणे-कालव्यांच्या काळापासून मातीकामासाठी ओळखले जातात. १६५ सेंटीमीटर खोल आणि हातभर रुंद चरात उभा राहिलेला माणूस जवळजवळ डोक्यापर्यंत जमिनीत असतो. पावसानंतर काळ्या मातीची भिंत ढासळायला आवाजही करत नाही. ढीग काठापासून मागे टाकला की भिंतीवरचा भार कमी होतो, आणि मापही आपोआप जमिनीवरून घेतले जाते. एका फावड्याच्या अंतरात दोन कामे होतात. त्यासाठी वेगळा खर्च नाही.

अलीकडे साईटवर काठी दिसत नाही. चरात टेप धरून मोबाइलने फोटो काढतात. फोटोवर तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश आपोआप उमटतात. मागच्या वर्षी एका कामावर एका तरुण सुपरवायझरने मला असे दोनशे फोटो दाखवले. खरोखरच नीटनेटके काम. एका फोटोत टेपवर १६५ स्पष्ट दिसत होते. मी तो बोटांनी मोठा केला. टेपच्या वरच्या टोकाखाली माती भुसभुशीत होती, त्यात गवताचे मूळ नव्हते, की पायवाटेचा कडकपणा नव्हता.

मी त्याला मामांचाच प्रश्न विचारला.

तो थोडा वेळ फोटोकडे बघत राहिला. मग त्याने मोबाइल खिशात टाकला आणि फावडे मागवले. तो चर अजून बुजवायचा होता.